आठ दिवसांच्या बोलीवर

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तक्रार नको. गाणाऱ्याकडे बघतात. ड्रमवाला घामाघूम होतो म्हणून त्याच्याकडेही बघतात. हा बापडा मागे खांबाशी उभा राहून जाड तारा हलवत असतो, आणि थांबला तरच लोकांना कळतं की इथे काहीतरी होतं, ते आता नाही. आमच्या इन्स्पेक्टरने अशी पंचवीस वर्षं काढली, आणि त्याबद्दल त्याची काही कुरकुर नव्हती.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातला नव्हे. वजनमापं खात्यातला. दुकानोदुकानी जायचं, काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं की दंड, खरं निघालं की शिक्का. बँडमधल्या लोकांनी थट्टेने त्याला इन्स्पेक्टर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव इतकं चिकटलं की त्याची बायकोसुद्धा "इन्स्पेक्टर, जेवायला येताय ना?" म्हणून हाक मारायची. ती जाऊन चार वर्षं झाली. मुलगी दूर असते. रविवारी फोन करते, "बाबा, जेवलात का?" विचारते, हा "जेवलो" म्हणतो, मग दोघंही थोडा वेळ गप्प बसतात आणि फोन ठेवतात. नोकरीतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. बँड तर त्याच्या कितीतरी आधीच सुटला होता. जुनी गिटार मात्र पलंगाशेजारी उभी असायची आणि हा रोज सकाळी तासभर ती वाजवायचा. कुणासाठी, ते विचारू नका.

त्या गिटारीची एक खुंटी सैल झाली, म्हणून तो कारागीर बाईंकडे गेला. सुतारकामाच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर, त्यांची एक लांबट खोली आहे. हवेतली ओल लाकडाला बाधू नये म्हणून खिडक्या कायम बंद. या बाई वर्षाला चार गिटारी करतात, जास्त नाहीत. मान पाच पट्ट्या एकमेकींना चिकटवून बनवतात, आवाज उचलणारी तांब्याची वेटोळी स्वतःच्या हाताने गुंडाळतात, आणि एक गिटार झाली की महिनाभर नुसती टांगून ठेवून तिच्याकडे बघत बसतात. अशी एक तयार गिटार भिंतीवर होती. गडद, जवळजवळ काळ्या लाकडाची. बाई खुंटी घट्ट करून देत असताना इन्स्पेक्टरने हात लावू का विचारलं. बाई म्हणाल्या, "काका, टांगलीय कशासाठी?"

बेसवाल्यांची एक खोड असते. विजेची जोडणी न करता गिटार मांडीवर घ्यायची, तिच्या अंगाचं वरचं पुढे आलेलं टोक, त्या शिंगाला जबडा टेकवायचा आणि तार छेडायची. आवाज कानातून येत नाही, हाडातून येतो. इन्स्पेक्टरने सर्वांत जाड तार छेडली आणि त्याचे डोळे मिटले गेले. तो सूर दातांतून आत शिरला, छातीपर्यंत गेला आणि तिथे बराच वेळ बसून राहिला. बायको गेल्यापासून त्याच्या अंगाला इतक्या जवळून कशाचाच स्पर्श झाला नव्हता. हे त्याने बाईंना सांगितलं नाही, अर्थात. त्याने किंमत विचारली.

किंमत ऐकून डोळेच पांढरे झाले. चौदा महिन्यांचं पेन्शन. एका गिटारीसाठी.

"जास्त वाटतेय ना?" बाई शांतपणे म्हणाल्या. "वाटणारच. आठ दिवस घेऊन जा. पण बोली एकच. एकट्याने वाजवून ठरवायचं नाही. खोलीत एकटी वाजली की कुठलीही बेस गोडच लागते. माणसांत वाजवा, मग मला सांगा." जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा आणखी एक बोलल्या, "आणि हिचा आवाज बोट लागताक्षणी येतो. जुन्या गिटारीवर हात बसलेले लोक हिच्यावर पुढे पळतात. तेवढं सांभाळा."

इन्स्पेक्टरने मान हलवली. दुकानदार आपल्या काट्याचं कौतुक सांगायला लागले की तो अशीच मान हलवायचा. म्हणजे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

पहिले दोन दिवस त्याने काय केलं असेल? तपासणी केली. माणूस निवृत्त होतो, खोड निवृत्त होत नाही. दोन्ही गिटारी काट्यावर ठेवल्या: नवी जुनीपेक्षा सव्वा किलोने हलकी. घड्याळ लावून सूर मोजला: जुनीचा अकरा सेकंदांत विझतो, नवीचा एकोणीस सेकंद टिकतो. मानेवर वरपासून खालपर्यंत एकेक सूर तपासला, एकही मेलेला, म्हणजे उठताच दबून जाणारा, सापडला नाही. जुनीवर तसे तीन होते आणि त्यांना चुकवून वाजवायची बोटांना इतकी सवय की त्याला त्यांचा विसरच पडला होता. माप सगळं चोख होतं. पण चौदा महिन्यांच्या पेन्शनसमोर ठेवायला सेकंद आणि किलो पुरेनात, हे त्याचं त्यालाच कळत होतं. या वयात आपण ही घेऊन करणार काय, हा खरा प्रश्न, आणि त्याला माप नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने ताईला बोलावलं. ताई म्हणजे थोरली बहीण, दोन स्टॉप पलीकडे राहते, गुडघे दुखतात तरी आली. तिला खुर्चीवर बसवून, पाठ फिरवायला लावून, त्याने आधी एक वाजवली, मग दुसरी.

"काही फरक?"

"दोन्ही ढुम ढुम," ताई म्हणाली. "तुझ्या खोलीला पडदे का नाहीत रे? सगळं कसं उघडंबोडकं दिसतं. तिने लावलेले काढलेस का?"

"धुवायला काढले होते."

"कधी?"

तो चहा टाकायला उठला. ताईनेही ताणलं नाही. चहा पिऊन, कप विसळून ठेवून ती गेली. जाताना तेवढं म्हणाली, "घ्यायची तर घे बाबा. पैसे काय उरावर बांधून न्यायचेत? पण जिच्यासाठी घरात माणसं येतील अशी काहीतरी वस्तू घे."

चौथ्या दिवशी त्याने बँडची जुनी रेकॉर्डिंग लावली आणि तिच्यासोबत वाजवायला बसला. निदान यंत्रातली का होईना, माणसंच ती. आणि तिथे त्याचं घोडं अडलं. कारण त्या रेकॉर्डिंगमध्ये बेस होतीच. तो स्वतःच वाजवत होता, चाळिशीतला, तरतरीत. आता हा मध्ये शिरायला जागा शोधतोय आणि तो जुना इन्स्पेक्टर प्रत्येक ठिकाणी आधीच उभा. स्वतःच्याच दारात पाहुण्यासारखं ताटकळल्यावर त्याने यंत्र बंद केलं, नवी गिटार मांडीवर तशीच ठेवली, आणि पहिल्यांदा सरळ कबूल केलं की आपल्याला सोबत वाजवायला या गावात कुणीही उरलेलं नाही.

म्हणजे एक जण होता. पण त्याच्याकडे जायचं तर जिवावर येत होतं.

त्याला सगळे दणक्या म्हणायचे. बँडचा ड्रमवाला. चौदा वर्षं हे दोघं शेजारी शेजारी वाजवत होते, आणि बेसवाला व ड्रमवाला यांचं नातं काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. एकाचं बोट आणि दुसऱ्याचा पाय एकाच क्षणी पडायला हवा, नाहीतर वरचा सगळा डोलारा लटपटतो. एकमेकांकडे बघायचंही नाही, नुसतं कळायला हवं. या दोघांना कळायचं. आणि अकरा वर्षांपूर्वी, एका मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवायचं काम मिळालं त्या मोसमात, अचानक कळेनासं झालं. इन्स्पेक्टरला वाटायला लागलं की दणक्याचा पाय उशिरा पडतोय. आज थोडा, उद्या थोडा. महिनाभर मूग गिळून बसला आणि मग बँडप्रमुख की-बोर्डवाले मास्तर, त्यांना एकटं गाठून बोलला, "दणक्या मागे पडतोय. वय झालं त्याचं." मोजून सांगावं तसं सांगितलं, खोट सापडली की सांगायची, त्यात काय.

मास्तरांनी दणक्याला काढलं आणि तालाचं मशीन आणलं. मशीनबरोबरही इन्स्पेक्टरचा मेळ धड बसेना, पण मशीनला कोण नावं ठेवणार? आपलंच लक्ष लागत नाही अशी त्याने समजूत करून घेतली. सहा महिन्यांनी मास्तरांच्या लक्षात आलं की बेस डाव्या हाताने की-बोर्डवरही वाजते. मग इन्स्पेक्टरही घरी. यावर हसायचं असेल तर हसा, तोही एकदोनदा हसला होता. दणक्याला तोंड दाखवायचं मात्र त्याने टाळलं, ते अकरा वर्षं टाळलं.

दणक्याचं आता गाद्यांचं दुकान आहे. गुरुवारी दुकान बंद असतं, पण तो आत बसून खोळींना शिलाई मारत असतो, एवढी बातमी होती. गुरुवार होता सातवा दिवस. इन्स्पेक्टर दोन्ही खांद्यांवर दोन गिटारी आणि हातात आवाज मोठा करणारा लहानसा ॲम्प घेऊन अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत गेला. छतापर्यंत गाद्या रचलेल्या. बाहेरच्या रस्त्याचा आवाज आत पाऊल ठेवताच बंद झाला. दणक्याने चष्म्यावरून बघितलं.

"वजन तपासायला आलास? गाद्या नगावर विकतो मी."

"एक गिटार घ्यायची की नाही ते ठरवायचंय," इन्स्पेक्टर म्हणाला. "माणसांत वाजवून बघा म्हणाल्यात ती करणाऱ्या बाई. माणूस नाही माझ्याकडे."

दणक्याने सुई खोळीत टोचून ठेवली.  उठला, एक कडक गादी जमिनीवर ओढली, पायाखाली रिकामं लाकडी खोकं घेतलं आणि बसला. ड्रम त्याने केव्हाच विकले होते. "लाव," म्हणाला.

नवी गिटार त्या गाद्यांच्या दुकानात अशी काही बोलली की दणक्याच्या भुवया वर गेल्या. त्याने गादीवर दोन्ही हातांनी ठेका धरला, पायाने खोकं. इन्स्पेक्टरने जुन्या नेहमीच्या गाण्याची चाल सुरू केली. आणि आठव्या आवर्तनापर्यंत त्याने ते ओळखलं. अगदी तेच. तेच, जे हॉटेलात व्हायचं. हा पोचतो आणि दणक्याचा पाय अजून वाटेत. त्याने दात आवळून वाजवलं, पण तोंडातून निघून गेलंच.

"मागे पडतोयस."

दणक्या थांबला. "मी आहे तिथेच आहे. तू पुढे पळतोयस." आणि मग, "जुनी काढ."

जुनी काढली. मळकी, तीन मेलेले सूर असलेली, जड. दोघांनी पुन्हा सुरुवात केली आणि दुसऱ्याच आवर्तनात बोट आणि पाय एकत्र पडले. असे पडले, की दोघंही थांबायचं विसरले. एक गाणं संपून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. दणक्या डोळे मिटून गादी बडवत होता, तिच्यातून बारीक कापूस उडत होता, आणि इन्स्पेक्टरला खरोखर रडू येत होतं. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्याबरोबर त्याच क्षणी होतं. वीसेक मिनिटं तरी हे चाललं.

थांबल्यावर तो कपाळ पुसत बसला आणि कारागीर बाईंचं जिन्यातलं बोलणं त्याला आता ऐकू आलं. हिचा आवाज बोट लागताक्षणी येतो. जुन्या गिटारीवर हात बसलेले लोक पुढे पळतात. जुनीचा आवाज उशिरा उठतो, म्हणून त्याचं बोट वर्षानुवर्षं केसभर आधी पडत आलं होतं. त्याने खाली आपल्या जुन्या गिटारीच्या तारांकडे पाहिलं. गंजून काळ्या पडलेल्या, आवाजाने मंद झालेल्या. बेसच्या तारा लोक सारख्या बदलत नसतात. त्याने शेवटच्या कधी बदलल्या? हॉटेलचं काम मिळालं तेव्हा. मोठी जागा, म्हणून हौसेने नव्या कोऱ्या, महागातल्या तारा चढवल्या होत्या. केवढ्या खणखणीत वाजायच्या. बोट लागताक्षणी.

आता इथे तो गप्प बसू शकला असता. कुणी विचारलं नव्हतं. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यात खोट धरलेला माणूस, आपल्या काट्यातली दिसल्यावर त्याला बसवेना.

"दणक्या, तू मागे पडत नव्हतास," तो म्हणाला. "मी तारा बदलल्या होत्या. त्या मोसमात. मी पुढे पळत होतो आणि मला वाटलं तू मागे पडतोयस. मास्तरांना मीच तसं सांगितलं."

दणक्या गादीवरचा कापूस वेचत होता. वेचायचा थांबला.

"तू सांगितलंस?"

"मी."

"मला वाटलं मास्तरांनी पैसे वाचवायला काढलं." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "शेवटच्या आजारात त्यांनी मला दोनदा निरोप पाठवला. ये म्हणून. मी गेलो नाही. मुलगी दारापर्यंत आली त्यांची, मी आतून बाहेर आलो नाही."

हे इन्स्पेक्टरला माहीत होतं. तो मास्तरांच्या उशाशी बसलेला असताना त्यांनी त्यालाच विचारलं होतं, "दणक्या आला नाही का रे?" आणि याने "येईल" म्हणून त्यांचं पांघरूण सारखं केलं होतं. दणक्याला काढायला कुणाचं बोलणं कारण झालं, ते नाव कुणालाही न सांगता मास्तर गेले.

तेही त्याने सांगितलं.  शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती, ती दणक्याच्या पायाशी पोचेपर्यंत दोघं तसेच बसून होते. चुकलो म्हणावं असं इन्स्पेक्टरला फार वाटत होतं, त्याने ते म्हटलंही, पण त्या गाद्यांमध्ये ते शब्द कुठेच लागले नाहीत.

"नवी चांगली आहे," शेवटी दणक्या म्हणाला. "पैसे वसूल आहेत तिचे. आता जा."

इन्स्पेक्टरने नवी पिशवीत घातली. जुनी उचलायला वाकला तर दणक्याचा हात तिच्या मानेवर होता.

"ही राहू दे इथे."

"तुला वाजवता येत नाही."

"मला माहितीये काय येतं आणि काय नाही. हिच्याशी माझं भांडण नाही. राहू दे."

"मग मी कधी..."

"मी सांगेन," दणक्या म्हणाला आणि खोळीत टोचलेली सुई शोधायला लागला.

आठव्या दिवशी इन्स्पेक्टरने नवी गिटार जिन्याने वर नेऊन परत केली. कारागीर बाईंनी ती टांगली आणि विचारलं, "काका, जास्तच वाटली का किंमत?"

"छे. माप एकदम चोख आहे. हवं तर शिक्का मारून देतो."

"मग?"

"ती वेळेवर येते. मी तिच्या आधी असतो. ही सवय मोडायची तर समोर कुणीतरी बसलेलं लागतं. माझ्याकडे नाही." आणि मग, बाईंनी वाईट वाटून घेऊ नये म्हणून, "तुम्ही जिन्यात सांगितलं होतंत ते. मी नीट ऐकलं नाही."

त्यानंतरच्या रविवारी मुलीचा फोन आला. जेवलात का झालं, जेवलो झालं. मग ती म्हणाली, "आत्या सांगत होती, फार भारी गिटार आणलीय म्हणे. घेतलीत?"

"नाही घेतली."

"महाग होती?"

"नव्हती. त्या पैशाची होती."

"मग जुनीच वाजवताय?"

"जुनी एकाकडे ठेवलीय."

 या वेळी तिने फोन ठेवला नाही. "म्हणजे घरात एकही नाही? बाबा, मग सकाळी करता काय तुम्ही?"

इन्स्पेक्टरने पलंगाशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "गुरुवारची वाट बघतो," तो म्हणाला.

त्याला आता सहा गुरुवार होऊन गेले. दणक्याचा निरोप आलेला नाही. वाजवणं सुटलं की बोटांवरचे घट्टे मऊ पडतात, ते पडू नयेत म्हणून इन्स्पेक्टर रोज सकाळी टेबलाच्या कडेवर बोटं चालवतो, केसभर उशिरा पाडायचा सराव करतो. टेबलाचा आवाज बोट लागताक्षणी येतो.